दिवसा बँक, रात्री पिसवा: चार्ल्स रॉथशिल्ड आणि आपलं परळ

फोर्टकर

मंडळी, धागा जरा लांबणार आहे. चहा घेऊन बसा.

नातवाला शाळेतून 'मुंबईतील प्लेग' असा प्रकल्प मिळाला. आम्ही राहतो परळला, केईएमच्या मागच्या बाजूला. हाफकिन संस्था म्हणजे आमच्यासाठी रोजच्या फेरीचा रस्ता. तेव्हा प्रकल्प माझ्याच गळ्यात पडला, हे सांगायला नकोच. चित्रं चिकटवून झाली आणि पिसूच्या चित्राखाली नाव लिहायची वेळ आली. उंदरावरची जी पिसू प्लेग पसरवते तिचं शास्त्रीय नाव झेनोप्सिला चिऑपिस, आणि त्यापुढे कंसात (रॉथशिल्ड, १९०३).

नातू म्हणाला, "आजोबा, हे रॉथशिल्ड म्हणजे ते बँकवाले का?"

मी एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या फोर्टमधल्या शाखेत चौतीस वर्षं घालवली. रॉथशिल्ड हे नाव मला रोख्यांमुळे, सोन्याच्या भावामुळे आणि सुवेझमुळे माहीत होतं. १८७५ मध्ये इजिप्तच्या खेदिवाचे, म्हणजे तिथल्या राज्यकर्त्याचे, सुवेझ कालव्यातले शेअर विकत घ्यायला ब्रिटिश सरकारला ४० लाख पौंड लागले, ते याच पेढीने उभे करून दिले. ते देणारा लायोनेल हा आपल्या गोष्टीतल्या माणसाचा आजोबा. त्याच्या नातवाचं नाव पिसूला? म्हटलं, आडनावबंधू असेल कोणी.

आडनावबंधू नाही. त्याच घरातला, त्याच पेढीतला भागीदार. नथॅनियल चार्ल्स रॉथशिल्ड, जन्म ९ मे १८७७. हॅरोला शाळा, तिथे मुलांनी बराच छळ केला. मग केंब्रिज. आणि मग लंडनच्या सेंट स्विदिन्स लेनमधलं न्यू कोर्ट, म्हणजे घरची पेढी. पुढचं आयुष्य तिथेच.

मला या माणसाबद्दल लिहावंसं वाटलं ते एका कारणासाठी. तो बँक सोडून फुलपाखरांमागे पळणारा वेडा नव्हता. तसा त्याच्या घरात दुसरा होता, त्याच्याकडे येतो. चार्ल्स रोज सकाळी बँकेत जायचा. हिशेब बघायचा, सोनं शुद्ध करायच्या त्यांच्या कारखान्यात, रॉयल मिंट रिफायनरीत, लक्ष घालायचा. संध्याकाळी नि सुट्टीला सूक्ष्मदर्शक. असं करत त्याने पिसवांच्या सुमारे ५०० नव्या जातींची वर्णनं प्रसिद्ध केली. त्याचा अडीच लाखांवर पिसवांचा संग्रह आज लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे.

आपली प्लेगची पिसू त्याने सुदानमध्ये नाईलकाठच्या गावातून आणलेल्या नमुन्यांवरून वर्णिली. गावाचं नाव शेंडी. (हसू नका, खरंच शेंडी.) चिऑपिस हे नाव पिरॅमिडवाल्या चिऑप्स राजावरून. फेरोचं नाव पिसूला देणारा माणूस अगदीच रुक्ष नसावा.

आता मुंबई. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीला डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, ते बहुतेकांना ठाऊक असेल. मेट्रोसमोरचा पुतळा त्यांचाच. लोक पटापट मरत होते आणि कशाने मरतात हे कोणालाच कळत नव्हतं. म्हणून काय केलं? गटारं धुतली. कार्बोलिक ओतलं. घरांना चुना मारला, कौलं काढून ऊन आत घेतलं, आजारी माणसाला ओढून इस्पितळात नेलं. गटारातून पाणी सोडल्यावर उंदीर कुठे जाणार? शेजारच्या चाळीत.

१८९१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती. १९०१ मध्ये ७,७६,००६. वाढणारं शहर दहा वर्षांत आक्रसलं.

पिसू हे उत्तर पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत प्रयोगाने दाखवलं. त्याला कोणी विचारलं नाही. का विचारलं नाही आणि त्यात चार्ल्सच्या कंसातल्या नावाचा काय संबंध, ते पुढच्या प्रतिसादात लिहितो. जेवायला हाक आली आहे.

---

गिरणगावकर

वाचतोय काका. लवकर जेवा.

---

अडाणी_अर्थतज्ज्ञ

रोचक. पण एक शंका. बापाची बँक असेल तर पिसवाच काय, झुरळंसुद्धा गोळा करता येतात. आम्हाला ईएमआय भरून उरलेल्या वेळात झोप येते. श्रीमंतांच्या छंदांचं कौतुक करताना हात जरा आखडता घ्यावा असं माझं मत.

---

लालबागची_माई

फोर्टकर, तुमचा धागा वाचून आजीची आठवण झाली. माझी आजी तिच्या सासूचं सांगायची. सासू सावंतवाडीकडची, नवरा इथे गिरणीत. प्लेगच्या साली त्या चिंचपोकळीच्या चाळीत होत्या. एके दिवशी पहाटे दळायला बसल्या तर जात्यामागे उंदीर मरून पडलेला. फुगलेला नाही, कुजलेला नाही, नुकताच मेलेला. त्यांनी म्हणे जात्यात घातलेला घास तसाच सोडला, पोराला कडेवर घेतलं आणि जिन्यातच जाऊन उभ्या राहिल्या. "उंदीर पडला" एवढं एकच वाक्य. अर्ध्या तासात मजला रिकामा. दुसऱ्या दिवशी बोटीने कोकणात.

गावी गेल्यावर गावकऱ्यांनी घरात घेतलं नाही. पंधरा दिवस मांगरात काढले. आजी सांगायची, तिच्या सासूने पुढे मरेपर्यंत जात्यामागे हात घातला नाही, आधी केरसुणी फिरवायची.

म्हणजे उंदीर मेला की निघायचं हे बायांना ठाऊक होतं. साहेबाला कळायला कमिशन लागलं.

---

फोर्टकर

माई, नेमका तिथेच मुद्दा आहे.

उंदीर मेला की त्याचं अंग गार पडतं. पिसवांना ऊब आणि रक्त लागतं, त्या उतरतात आणि दुसरा उंदीर शोधतात. उंदीर उरले नसले की जवळ जो असेल तो. मेलेल्या उंदराजवळ सर्वात आधी कोण असतं? पहाटे जात्यावर बसणारी बाई. तुमच्या पणजीबाईंनी जे केलं त्याला पुढे शास्त्राने शिक्का मारला.

आता सिमोंचं. १८९८-९९ मध्ये सरकारने प्लेग कमिशन नेमलं होतं, त्याने सिमोंचं म्हणणं उडवून लावलं. युरोपातल्या काही तज्ज्ञांचा आक्षेप साधा होता: उंदरावरची पिसू माणसाला चावतच नाही. आणि हे त्यांच्या अनुभवात बरंचसं खरं होतं! युरोपातल्या उंदरांवर जी पिसू सापडते ती माणसाच्या वाटेला फारशी जात नाही. त्यांनी तिच्यावर प्रयोग केले आणि निकाल दिला.

पण मुंबईच्या उंदरावरची पिसू ती नव्हतीच. ती वेगळी जात, आणि ती माणसाला आवडीने चावते. 'पिसू ती पिसू' म्हणणाऱ्याला हा फरक दिसत नाही. फरक दिसायला आधी कोणीतरी बसून या पिसूची मिशी अशी, त्या पिसूची तशी, हिच्या पोटातली शुक्राची पिशवी अशा आकाराची, हे लिहून ठेवावं लागतं. ते काम दिवसा बँकेत बसणाऱ्या त्या माणसाने केलं होतं.

१९०५ पासून नव्या प्लेग कमिशनने परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आमच्या खिडकीतून दिसणाऱ्या त्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये, प्रयोग केले. मुद्दाम खोल्या बांधल्या, त्यात गिनिपिग ठेवले. बारीक जाळीने पिसवांपासून राखलेले जनावर वाचले, उघडे ठेवलेले मेले. जमिनीवरचे मेले, पिसूच्या उडीच्या वर टांगलेले जगले. त्याआधी लिस्टन नावाच्या डॉक्टरने मुंबईतल्या प्लेगच्या घरांत गिनिपिग सोडून त्यांच्या अंगावर जमा होणाऱ्या पिसवा मोजल्या होत्या. या सगळ्या कागदांत पिसूचं नाव येतं पुलेक्स चिऑपिस. चार्ल्सने दिलेलं. पुढे तिचा वंश (जीनस) बदलून झेनोप्सिला झाला, म्हणून त्याचं नाव कंसात. प्राणिशास्त्रात जातीचा वंश बदलला की मूळ नाव देणाऱ्याला कंसात टाकतात. आमच्याकडे जागा न ठरलेल्या नोंदींसाठी सस्पेन्स अकाउंट असतं, तसं काहीसं.

अडाणी_अर्थतज्ज्ञ, तुमचा मुद्दा खोडत नाही. पैसा होता म्हणूनच जमलं. पण पैसा असलेले हजारो होते. त्यांच्या नावाची पिसू नाही.

---

कीटकनामा

फोर्टकर काका, छान लिहिलंय. माझा हा विषय असल्याने थोडी भर.

चार्ल्सच्या कामाचं मोल चिऑपिसपेक्षा तिच्या बहिणीत जास्त दिसतं. १९११ मध्ये त्याने झेनोप्सिला ॲस्टिया नावाची जात वर्णिली. दिसायला चिऑपिससारखीच, सूक्ष्मदर्शकाखालीही नवख्याला फसवेल. पुढे कोलंबोत हर्स्ट नावाच्या डॉक्टरला शंका आली की मद्रास आणि कोलंबोकडे प्लेग मुंबईसारखा का पेटत नाही? तिथे उंदीर आहेत, गर्दी आहे, बंदर आहे, पिसवाही आहेत. उत्तर असं की तिकडे ॲस्टियाचा भरणा होता, आणि ती प्लेग पसरवण्यात कच्ची. मुंबईत चिऑपिस. त्याआधी दोघींची गणती एकाच खात्यात होत होती.

पिसू प्लेग पसरवते कशी हेही सांगतो, कारण बहुतेकांना वाटतं डासासारखी सुई टोचते. तसं नाही. जंतू पिसूच्या जठराच्या तोंडाशी वाढून बोळा तयार करतात. रक्त पोटात जात नाही. पिसू उपाशी राहते, भुकेने वेडी होऊन चावत सुटते, आणि दर वेळी अडकलेलं रक्त जंतूंसकट परत जखमेत ओकते. १९१४ मध्ये बेकट आणि मार्टिन यांनी हे शोधलं. बिचारी पिसूही उपासमारीने मरते.

एक दुरुस्ती: 'चार्ल्सने प्लेगचं कारण शोधलं' असं काही ठिकाणी वाचायला मिळतं, ते चूक. काकांनी तसं लिहिलेलं नाही, पण प्रकल्पात तसं जाऊ देऊ नका.

---

एकटा_बाजीराव

रॉथशिल्ड म्हणजे जगाचे खरे मालक. सगळ्या युद्धांना पैसा हेच पुरवतात. प्लेगसुद्धा यांनीच सोडला नसेल कशावरून? पिसूचं नाव आधीच कसं माहीत होतं?? विचार करा. आमच्या ग्रुपवर पूर्ण माहिती आहे.

---

संपादक मंडळ

एकटा_बाजीराव, ग्रुपवरची माहिती ग्रुपवरच राहू द्यावी. ज्यूंबद्दलच्या असल्या कंड्यांना इथे जागा नाही. पुढचे दोन प्रतिसाद काढले आहेत.

---

फोर्टकर

धन्यवाद संपादक. बाजीराव, प्लेग इथे पोचला १८९६ ला, पिसूला नाव मिळालं १९०३ ला. तुमच्या हिशेबात सात वर्षांची तूट आहे. आमच्या शाखेत तीन रुपयांची तूट आली तरी घरी सोडत नसत.

आणि आठवण द्यावीशी वाटते. ज्याने मुंबईत प्लेगची लस काढली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली, तो हाफकिनही ज्यूच. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि व्हरांडा एवढ्या जागेत काम सुरू केलं होतं त्याने. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी लस टोचलेली एकोणीस माणसं धनुर्वाताने गेली. दोष हाफकिनवर आला, नोकरी गेली. बाटली तिथे उघडताना दूषित झाली होती हे मान्य व्हायला १९०७ उजाडलं. आज ज्या फाटकावर त्याचं नाव आहे, तिथून माझा नातू शाळेत जातो.

---

गिरणगावकर

+१ काका.

अवांतर: २९ ऑक्टोबर १८९६ ला गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला होता. तेच आताचं कस्तुरबा. आम्हाला शाळेत पुण्याचा रँड आणि चापेकर शिकवतात, २२ जून १८९७ ही तारीख पाठ असते, पण आपल्याच गल्लीतलं हे कोणी सांगत नाही. माणूस इस्पितळात नेला की परत येत नाही, ही लोकांची समजूत होती. आणि बहुतेक वेळा येत नव्हताच.

रँडच्या सोजिरांनी माजघरात शिरून कपडे फेडून काखा-जांघा तपासल्या, देव बाहेर फेकले. सगळं कशासाठी, तर रोग माणसापासून माणसाला होतो या समजुतीवर. खरा गुन्हेगार शेजारी कौलात बसलेला.

---

मधली_सुट्टी

त्या दुसऱ्या वेड्याचं सांगा ना, ज्याच्याकडे 'येतो' म्हणालात.

---

फोर्टकर

हो, राहिलंच.

थोरला भाऊ वॉल्टर. सहा फूट तीन इंच उंच, वजन त्याला साजेसं. बापाने त्यालाही बँकेत बसवलं, १८८९ ते १९०८. तिथे तो काय करायचा हा प्रश्नच आहे, कारण ट्रिंगला त्याने स्वतःचं प्राणिसंग्रहालय उभारलं होतं. झेब्रे जुंपलेली गाडी घेऊन तो बकिंगहॅम पॅलेसला गेला होता. त्याचा फोटो नेटवर मिळेल. १९०८ मध्ये बापाला त्याच्या कर्जाचा पत्ता लागला आणि बँकेतून सुट्टी झाली. पुढे १९३२ मध्ये पक्ष्यांचा प्रचंड संग्रह अमेरिकेला विकावा लागला, कारण एक बाई त्याला वर्षानुवर्षं पैशासाठी धमकावत होती. १९१७ ची बाल्फोर घोषणा (पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंच्या राष्ट्रीय घराला ब्रिटनचा पाठिंबा) ज्या पत्रातून झाली ते पत्र याच वॉल्टरच्या नावे लिहिलेलं. म्हणजे माणूस नुसता झेब्रावाला नव्हता.

पण बघा, वॉल्टर सुटला. त्याची जागा कोणी भरायची? धाकट्याने. घरात एक पोरगा हुंदडला की दुसऱ्याच्या खांद्यावर दोघांचं ओझं येतं, हे आपल्याकडे काही नवीन नाही. माझे धाकटे बंधू नाटकात गेले, त्यामुळे मी बँकेची परीक्षा दिली. (ते आता फोनवर म्हणतात, "दादा, तुला तरी पेन्शन आहे.")

वडील १९१५ मध्ये गेले. दोन काका १९१७ आणि १९१८ मध्ये. तीन म्हातारे खांब तीन वर्षांत कोसळले, बाहेर महायुद्ध, आणि पेढी एकदम या पिढीवर. चार्ल्सची तब्येत त्याच सुमाराला ढासळली. मेंदूच्या तापाने घेरलं होतं. उपचारासाठी स्वित्झर्लंडला काही काळ काढला, पण पूर्ण बरा झालाच नाही. १२ ऑक्टोबर १९२३ ला त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. वय ४६.

मला वाटतं बँकेने त्याला गिळलं.

---

डॉ_सुईदोरा

फोर्टकर, शेवटच्या वाक्यावर थांबवते.

१९१६-१७ पासून पुढे दहाएक वर्षं जगभर एन्सेफलायटिस लेथार्जिका या मेंदूच्या सुजेच्या आजाराची साथ होती. चार्ल्सला तोच आजार झाल्याचं सांगतात. त्यातून वाचलेल्यांत पुढे तीव्र नैराश्य, झोपेची उलथापालथ, वागण्यातले बदल दिसायचे. मेंदूलाच इजा झालेली असते. त्या काळी औषध नव्हतं. 'बँकेने गिळलं' म्हटलं की गोष्ट छान होते, पण आजारी माणसाचा आजार त्याच्याकडून काढून घेतल्यासारखं होतं. माझ्या ओपीडीत रोज कोणीतरी नातेवाईक सांगतो, "डॉक्टर, कामाचं टेन्शन, बाकी काही नाही." त्या 'बाकी काही नाही'त वर्षं जातात.

---

फोर्टकर

डॉक्टरबाई, मान्य. वाक्य मागे घेतो. संपादित करत नाही, तुमचा प्रतिसाद अधांतरी राहील.

खरं सांगायचं तर ते वाक्य चार्ल्सबद्दल नव्हतं. माझ्या खणात व्हाउचरच्या गठ्ठ्याखाली दुर्बीण असायची. शनिवारी हाफ डे असे, दोन वाजता शटर अर्ध्यावर आलं की मी हार्बर लाईनने शिवडी. फ्लेमिंगो यायला लागले होते तेव्हाचे दिवस. खाडीच्या चिखलात ती गुलाबी रांग, मागे तेलाच्या टाक्या. एका शनिवारी कॅश टॅली होईना. नव्वद रुपयांचा फरक. कॅशियरने स्पंजवर बोट ओलं करून करून सगळी गड्डी तीनदा मोजली. मी लेजर उलटं तपासत गेलो. साडेसातला सापडला: ५४० चे ४५० लिहिलेले. अंकांची अदलाबदल झाली की फरकाला नवाने भाग जातो, हे कोणीतरी आधी आठवायला हवं होतं. ओहोटी येऊन गेली होती.

त्या वर्षी साहेबांनी गोपनीय अहवालात माझ्याबद्दल लिहिलं की यांचं लक्ष कामाबाहेरच्या गोष्टींत असतं. फरक शोधला मी. असो. साहेब आता नाहीत.

---

अडाणी_अर्थतज्ज्ञ

काका, आखडता हात थोडा सैल केला. नवाने भाग जाण्याचं माहीत नव्हतं, उद्याच ऑफिसात वापरतो.

बाकी त्याचं बँकेतलं काम कसं होतं? पिसवा बाजूला ठेवून विचारतोय. भागीदार म्हणून बरा होता की नुसता नावाला?

---

फोर्टकर

बरा होता असंच दिसतं. विज्ञानातलं कळत असल्याने धातू शुद्ध करायच्या धंद्यात त्याला गती होती. विमा कंपनीचाही तो अध्यक्ष होता. पण खाजगी पेढीच्या वह्या बाहेर कोण दाखवतो.

मला त्याच्यातला बँकर दिसतो तो वेगळ्याच जागी. १९१२ मध्ये त्याने निसर्गाच्या जागा राखण्यासाठी एक संस्था काढली. तोवर प्रथा अशी की दुर्मीळ फुलपाखरू वाचवायचं तर फुलपाखरू धरायला बंदी घाला. हा म्हणाला, जागा वाचवा. मग देशभर लोकांना छापील फॉर्म पाठवून माहिती मागवली आणि १९१५ मध्ये २८४ जागांची यादी सरकारला दिली. तारणाचं मूल्यांकन करतात ना, तसं. युद्ध चालू होतं, सरकारने यादी बासनात ठेवली. पण ब्रिटनमध्ये पुढे जे राखीव भाग झाले त्यांची मुळं त्या यादीत आहेत. वूडवॉल्टनची दलदल तर त्याने १९१० मध्ये स्वतःच विकत घेतली होती. दलदल! फुकट दिली तरी नॅशनल ट्रस्टला, म्हणजे तिथल्या जागा जपणाऱ्या संस्थेला, नको होती.

एक गमतीची गोष्ट सांगतात. नॉर्दम्प्टनशरमध्ये फुलपाखरांमागे फिरताना अ‍ॅश्टन वोल्ड नावाची जागा त्याला फार आवडली. विकत मिळेल का म्हणून चौकशी केली. मालक विकणार नाही असं उत्तर आलं. मालक कोण? त्याचेच वडील. इतकी जमीन की पोरालाच पत्ता नाही. शेवटी घर तिथेच बांधलं.

---

मधली_सुट्टी

हे म्हणजे चाळीत खोली शोधत फिरायचं आणि चाळच बाबांची निघायची.

बायको-मुलं?

---

कीटकनामा

बायको रोझिका, हंगेरीची. लग्न १९०७. कार्पेथियन डोंगरात फुलपाखरं शोधायला गेला आणि तिथे भेट झाली. चार मुलं. थोरली मिरियम, वडील गेले तेव्हा पंधरा वर्षांची. पुढे तीच जगातली पिसवांची सर्वात मोठी अभ्यासक. वडिलांच्या संग्रहाची सूची तिने अनेक खंडांत केली. पिसू उडी कशी मारते, सशावरच्या पिसूची वीण सशिणीच्या संप्रेरकांवर कशी चालते, हे काम तिचं आणि तिच्या सहकाऱ्यांचं. पिसवा प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून झोपायच्या खोलीत ठेवायची, म्हणे मुलं हात लावू नयेत म्हणून. आमच्या मातोश्रींनी मला झुरळाची एक बरणी ठेवू दिली नाही.

धाकटी पॅनोनिका. हे नाव एका पतंगाच्या जातीवरून. ती न्यूयॉर्कला जाऊन जाझवाल्यांची आश्रयदाती झाली. जाझ पियानोवादक थेलोनियस मंक शेवटची वर्षं तिच्याच घरी होता.

ट्रिंगच्या संग्रहालयात गेलात तर कपडे घातलेल्या मेक्सिकन पिसवा बघा. खोटं नाही. भिंगातून बघाव्या लागतात.

---

नाना_वडाळा

उशिरा आलो. आमचा हिंदू कॉलनी-वडाळ्याचा भाग प्लेगमुळेच वसला हे कोणी लिहिलं नाही का? १८९८ ला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. दाटीत रोग होतो म्हणून रस्ते रुंद केले, प्रिन्सेस स्ट्रीट काढला, दादर-माटुंगा-वडाळा आखला. बीआयटी चाळी त्यांच्याच. आज माझ्या गॅलरीला ऊन येतं ते साहेबाच्या प्लेगच्या धसक्यामुळे.

आणि प्रेमचंद रायचंदांवर कोणीतरी धागा काढा. आपला बँकवाला, राजाबाई टॉवरवाला. पिसवा नसतील, पण शेअर बुडवून बँक ऑफ बॉम्बे कशी आडवी केली ते वाचायला मजा येईल.

---

लालबागची_माई

नाना, ऊन तुम्हाला आलं, पण ज्यांच्या चाळी पाडल्या ते कुठे गेले तेही लिहा एकदा. बरेचसे शेजारच्याच दाटीत शिरले.

फोर्टकर, प्रकल्पाचं काय झालं?

---

फोर्टकर

माई, प्रकल्प दिला. बाईंनी लाल पेनाने रॉथशिल्डच्या नावाभोवतीचे कंस खोडले. "कंसात नाव लिहू नये." नातवाने घरी येऊन वही आपटली. मी म्हटलं, जाऊ दे. तो म्हणाला, "जाऊ कसं देऊ, वंश बदललाय ना तिचा?" उद्या तो बाईंना सांगणार आहे. मला बरोबर यायला बंदी आहे.

त्याला महानगरपालिकेचे रात्रीचे मूषक संहारकही प्रकल्पात घालायचे होते. रात्री काठी-बॅटरी घेऊन निघतात, रोजचे तीस उंदीर मारायचे. माझ्या खिडकीखालून जातात कधी कधी. पानं संपली म्हणून राहिलं.

गिरणगावकर, कीटकनामा, डॉक्टरबाई, शिवडीचा कट्टा रविवारी करायचा का? भरतीची वेळ बघून कळवतो. पाणी उतरायला लागलं की पक्षी जेट्टीच्या जवळ येतात, नंतर लांब जातात, त्यामुळे उशीर करू नका. दुर्बीण माझ्याकडे एकच आहे.

---

गिरणगावकर

येतो. शिवडी स्टेशन पूर्वेला उभा राहीन. मुलगी पण येईल, तिला पिसू बघायची आहे. कीटकनामा, काही आणता येईल का? मेलेली चालेल.

---

कीटकनामा

स्लाईड आणतो. चिऑपिस आणि ॲस्टिया दोन्ही. ओळखून दाखवा.